जवळजवळ झालेलं कपाट

रविवार, ५ एप्रिल

समुपदेशक बाईंनी सांगितलं म्हणून ही वही. रोज मनात येईल ते लिहा, कोणी वाचणार नाही, असं त्या म्हणाल्या. मी सोळा वर्षं लिहिण्याचाच पगार घेतो. पंखे, इस्त्र्या, मिक्सर यांच्या खोक्यात जी घडी घातलेली माहितीपत्रकं असतात, ती माझी. ‘वापरण्यापूर्वी सूचना काळजीपूर्वक वाचा’ हे माझं वाक्य किती घरांत पोचलंय याची गणती नाही. कोणी वाचणार नाही याची मला सवय आहे, एवढं बाईंना सांगायचं राहून गेलं.

मनात येतं ते म्हणजे मुंगीची बॅग. मुंगी माझी मुलगी, नऊ वर्षांची. लहानपणी एकेक बिस्किट उचलून घरभर दडवून ठेवायची, तेव्हापासून हेच नाव. मी वेगळं राहायला लागून सहा महिने झाले. ती आईजवळ असते आणि एकाआड एक शनिवार-रविवार माझ्याकडे येते. आज संध्याकाळी गेली. या दोन दिवसांत तिने सामान बॅगेबाहेर काढलंच नाही. सकाळी चेन उघडायची, फ्रॉक काढायचा, नाइटड्रेसची घडी करून आत ठेवायची, चेन बंद. दात घासून झाल्यावर ब्रशसुद्धा टिपून बॅगेत. लॉजवर उतरलेली माणसं याहून जास्त पसारा करतात.

मी म्हटलं, "अगं, ठेव ना बाहेर. घरच आहे."

ती म्हणाली, "कुठे ठेवू?"

मी खोलीभर नजर फिरवली. एक खाट, एक खुर्ची, भिंतीत आधीच्या भाडेकरूचा खिळा. तिचं म्हणणं बरोबर होतं आणि ते मला फार लागलं.

नंतर तिच्या आईचा फोन आला. पोचली म्हणाली. मग म्हणाली, "पंचवीस तारखेपासून चार दिवस मला ट्रेनिंगला बाहेरगावी जायचंय. ती तुझ्याकडे राहील. परत आली की तिला सरळ विचारू, तुझ्याकडे मुक्कामाला जायचंय की नुसतं दिवसा भेटून यायचं. ती म्हणेल तसं करू. चालेल?"

मी चालेल म्हटलं. दुसरं काय म्हणणार? पण फोन ठेवताना मी ठरवून टाकलं. पंचवीसच्या आत या खोलीत मुंगीचं स्वतःचं कपाट असेल.

मंगळवार, ७ एप्रिल

कपाट घेतलं. नवीन कपाटांच्या किमती पाहून आलो होतो, त्याबद्दल लिहून वही खराब करत नाही. हे जुन्या सामानाच्या दुकानातलं. बुटकं, लाकडी, सहा खणांचं, तीन-तीनच्या दोन रांगा. वर चहाच्या कपांचे गोल डाग, कडांचे टवके गेलेले, आत डांबरगोळ्यांचा वास. पण बांधा भक्कम. मी जाणकारासारखं दोन ठिकाणी टिचकी मारून ऐकलं. टिचकी मारल्यावर काय ऐकायचं असतं ते मला ठाऊक नाही, पण ते दुकानदारालाही ठाऊक नसावं.

"हाताने बनवलेलं आहे," तो म्हणाला. "आता असं कोणी करत नाही. खण ओढून बघा."

ओढला. पाण्यावरून आल्यासारखा आला. बाकीचे पाच बघायची गरज वाटली नाही.

जिन्यात वरच्या मजल्यावरचे सुतारकाका भेटले. चाळीस वर्षं सुतारकाम करून आता निवृत्त आहेत. दिवसभर गॅलरीत बसून दुसऱ्यांच्या कामांकडे बघत असतात. कपाटावरून हात फिरवून म्हणाले, "चांगलं मिळालं. काय करणार याचं?"

"घासून, रंगवून मुलीला देणार."

"लागलं तर हाक मारा. बसूनच असतो मी."

मी थँक्यू म्हटलं. माणसं चांगली असतात, पण एकदा हात लावू दिला की काम त्यांचं होतं. हे कपाट बाबाने केलेलं असायला हवं.

बुधवार, ८ एप्रिल

आज ऑफिसात इस्त्रीचं पत्रक बाजूला ठेवून कपाटाचं लिहिलं. चौदा पायऱ्या. पायरी १: सर्व साहित्य एकत्र करा. पायरी १४: सुंदर कपाटाचा आनंद घ्या. मधल्या बारा पायऱ्यांत एकही शब्द जास्तीचा नाही. साहेबांनी मागे उभं राहून वाचलं आणि म्हणाले, हे कुठलं मॉडेल आहे आपलं? मी म्हटलं, घरचं.

मुंगीला फोन करून रंग विचारला. म्हणाली, "कुठलाही चालेल, बाबा."

"असं कसं? तुझं कपाट आहे. सांग."

"तुला जो स्वस्त मिळेल तो."

माझ्या निवडीवर किती विश्वास आहे तिचा. नऊ वर्षांची पोर, पण हट्ट म्हणून नाही. शेजारच्यांकडे चहाला गेल्यासारखी बोलते.

शनिवार, ११ एप्रिल

पायरी २ आणि ३. सगळे खण बाहेर काढले आणि हॉलमध्ये मांडले. तळाला पिवळी पडलेली वर्तमानपत्रं होती, ती फेकली. साबणाच्या पाण्याने सगळं धुऊन पुसलं. प्रत्येक खणाच्या मागच्या फळीवर कोणीतरी पेन्सिलने काहीबाही खरडून ठेवलं होतं. एकावर एक, दुसऱ्यावर तीन, असले आकडे, त्यांना शेपट्या काढलेल्या. जुन्या वस्तूंना लोक काय काय करून ठेवतात. खोडरबराने गेलं नाही म्हणून पॉलिश पेपरने घासून काढलं. आता आतूनसुद्धा लाकूड लख्ख आहे. खरं काम कोणाला दिसत नाही त्या जागी कळतं.

सुतारकाका गॅलरीतून वाकून म्हणाले, "काढलेत का खण? कुठला कुठे तेवढं बघून ठेवा हो."

मी म्हटलं, "काका, सगळे एका मापाचे आहेत. मी टेप लावून बघितलंय."

ते परत खुर्चीत जाऊन बसले. जुन्या माणसांना साध्या गोष्टींत फाटे फोडायची सवय असते.

रविवार, १२ एप्रिल

घासलं. दिवसभर घासलं. पत्रकात ही एकच ओळ आहे, ‘पृष्ठभाग गुळगुळीत होईपर्यंत घासा’. दुपारी दोनच्या सुमाराला मी त्या ओळीच्या लेखकाला मनातून चार शब्द ऐकवले. नाकात भुसा, पापण्यांवर भुसा, चहात भुसा. खांदा वर जात नाही. टवके बुजवायला आणलेली पुट्टी बोटांना चिकटून तिथेच वाळली. पण कपाट खरोखर गुळगुळीत झालंय. संध्याकाळी मी त्यावर गाल टेकवून बघितला. हे कोणाला सांगणार नाही म्हणून इथे लिहितो.

मुंगीच्या आईला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, "छान. किती झालंय?"

मी लिहिलं, "जवळजवळ झालंय."

त्यावर काही आलं नाही. हे शब्द तिला चालत नाहीत, हे मी विसरलो होतो. जुन्या घरातला बेडरूमचा स्विचबोर्ड दोन वर्षं उघडा होता. मोरीचा नळ होता. पुस्तकांच्या मांडणीला चारपैकी तीन फळ्या होत्या. या सगळ्याची यादी तिने एकदा मला तोंडपाठ म्हणून दाखवली होती आणि प्रत्येकापुढे ‘जवळजवळ झालंय’ असं माझ्याच आवाजात म्हणाली होती. मांडणीच्या बाबतीत तिने थोडा अन्याय केला. चौथी फळी कापून आणलेली होती, फक्त लावायची राहिली होती.

बुधवार, १५ एप्रिल

रंग मिळाला, तोही निम्म्या किमतीत. कोणीतरी मापून बनवून घेतला आणि परत केला. डब्यावर नाव आहे ‘शांत पहाट’. दुकानदाराला विचारलं, परत का केला? म्हणाला, काय माहीत, लोकांचं काही सांगता येत नाही.

गुलाबी घेणार होतो. तिच्या आईने सांगितलं, "गुलाबी तिला पाच वर्षांची असताना आवडायचा." मग आता काय आवडतं, असं मी विचारलं तर म्हणाली, "तिला विचार." मी विचारलं आहे ना. कुठलाही चालतो.

शनिवार, १८ एप्रिल

मुंगीची परीक्षा आहे, म्हणून या शनिवारी ती नाही. रंगाचा पहिला हात मारला.

डब्यावर बारीक अक्षरात बरंच काही लिहिलेलं आहे. दोन हातांमध्ये चोवीस तास जाऊ द्या, पातळ थर द्या, घसरणाऱ्या भागांना लावू नका, असलं. ते मी वाचलं आणि सोडून दिलं. असल्या ओळी लिहिणारा माणूस कसा असतो ते माझ्याइतकं कोणाला माहीत आहे? तो खुर्चीत बसलेला असतो. त्याने डबा उघडलेला नसतो. उद्या कोणी तक्रार केली तर अंगाशी नको म्हणून तो चार तासांचे चोवीस करतो. मी स्वतः मिक्सरच्या पत्रकात ‘एका वेळी तीस सेकंदांपेक्षा जास्त चालवू नये’ असं लिहिलंय आणि तीस कुठून आले ते आजतागायत मला माहीत नाही.

दुपारपर्यंत बोटाला कोरडं लागलं. दुसरा हात मारला. खणांना आतून, बाहेरून, बाजूंनी, मागून. कंजुषी केली नाही.

‘शांत पहाट’ लावल्यावर दवाखान्याच्या भिंतीसारखी दिसते. वाळेल तशी उजळेल.

रविवार, १९ एप्रिल

उजळली नाही. म्हणून तिसरा हात. जाड.

बुधवार, २२ एप्रिल

अजून चिकट आहे. मंगळवारी वर्तमानपत्र टाकून झाकलं होतं, ते काढताना एक बातमी कपाटावर राहिली. उलटी आहे, वाचता येत नाही. एक माशीही आहे.

आज समुपदेशक बाईंकडे गेलो होतो. वहीत काय लिहिता, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कपाटाबद्दल. अजून? खणांबद्दल. त्यांनी पेनचं टोपण काढलं. मग म्हणाल्या, "या कामात कोणाची मदत घेतली का?"

मी अभिमानाने नाही म्हटलं. त्यांनी ते कागदावर टिपून घेतलं. त्यांनाही कौतुक वाटलं असावं.

निघताना आणखी एक विचारलं. "तुमच्या हातून काही बिघडलं, तर घरात ते कोण आधी बोलतं?" मी म्हटलं, बोलायची वेळ येत नाही, दिसतंच सगळ्यांना. हेही टिपून घेतलं.

शुक्रवार, २४ एप्रिल

संध्याकाळचे पाच वाजलेत. मुंगी उद्या सकाळी दहाला येणार.

पायरी १२: खण पुन्हा जागेवर बसवा.

बसत नाहीत.

पहिला खण निम्मा जाऊन अडला. दुसरा तोंडाशीच तिरका झाला. तिसरा आत गेला तो गेलाच, आता बाहेर येत नाही. सगळे एका मापाचे आहेत, टेपने दोनदा बघितलं, तरी बसत नाहीत. मग मी थंड डोक्याने विचार केला. सहा खण, सहा जागा. म्हणजे लावायचे सातशे वीस प्रकार. एकेका प्रकाराला पाच मिनिटं धरली तर साठ तास. माझ्याकडे सतरा आहेत.

मग एकदम आठवलं. मागच्या फळीवर खरडलेले आकडे. एक, तीन, त्यांच्या शेपट्या.

मी हॉलमध्ये उरलेल्या पाच खणांच्या मधोमध जमिनीवर बसलो. ते आकडे काय होते ते मला कळलं आणि ते आकडे मीच घासून काढले हेही कळलं. वर काकांच्या खुर्चीचा आवाज येत होता. एक जिना चढायचा होता. गेलो नाही. ते विचारणार, बघून ठेवले होते ना, आणि मग मला उत्तर द्यावं लागणार.

नवीन कपाट घेतलं असतं तर, हा विचार दोनदा आला. दोन्ही वेळा हाकलला.

शनिवार, २५ एप्रिल

आली. बॅग खांद्यावर. आईने फाटकापर्यंत सोडलं, वर आली नाही.

मुंगीने हॉलमधले पाच खण पाहिले, मग खोलीत जाऊन कपाट पाहिलं. सहा भोकांपैकी एकात अडकलेला खण, बाकी अंधार. वर उलटी बातमी. मी काही म्हणायच्या आधी म्हणाली, "जवळजवळ झालंय ना?"

टोमणा नव्हता. तिने ते मदत केल्यासारखं म्हटलं. मला धीर द्यायला. टोमणा असता तर बरं झालं असतं.

मी बोलत सुटलो. लाकूड दमट हवेने फुगतं, डब्यातला रंग जुना निघाला, दुकानदाराने फसवलं, असं बरंच. ती ऐकून घेत होती. तिची आई ऐकायची तशीच, मान थोडी कलती. मग म्हणाली, "असू दे बाबा. माझी बॅग आहे ना."

आणि खुर्चीवर बॅग ठेवून तिने चेन लावली. दिवसभर ती बॅग त्या खुर्चीवर बसून होती. रात्री मुंगी झोपताना बॅग खाटेच्या पायथ्याशी आली. आणखी काही लिहावंसं वाटत नाही.

रविवार, २६ एप्रिल

बरंच लिहायचंय.

सकाळी मी अंडी उकडत होतो. मुंगी हॉलमध्ये खणांपाशी उकिडवी बसली होती. "बाबा, हे सारखे नाहीयेत," म्हणाली.

"सारखे आहेत. मी टेपने मोजलेत."

"नाहीयेत. हात लाव."

तिने एकेक खण उलटा केला आणि माझं बोट धरून तळाच्या कडेवरून फिरवलं. एकाची कड डावीकडे झिजलेली, दुसऱ्याची उजवीकडे, तिसऱ्याला मधेच खळगा. इतकं घासलं मी त्या लाकडाला आणि हे मला लागलं नव्हतं.

"कुणाला तरी विचारायला हवं," ती म्हणाली. मी नको म्हणेपर्यंत चपला घालून जिना चढली होती. सहा महिने ज्या माणसाला मी मान हलवून नमस्कार करतोय, त्याच्याकडे ती दोन मिनिटांत गेली आणि हाताला धरून घेऊन आली.

सुतारकाकांनी चष्मा लावला. कपाटाभोवती एक चक्कर मारली. रंगावर नख दाबून बघितलं, नख रुतलं. माशीकडे बघितलं. हसले नाहीत, याबद्दल मी त्यांचा आयुष्यभर ऋणी राहीन.

"हाताने केलेलं काम आहे हे," ते मुंगीला म्हणाले, मला नाही. "प्रत्येक खण आपापल्या घरात घासून घासून बसवलेला असतो. शेजारच्या घरात जात नाही. म्हणून करणारा मागे नंबर टाकून ठेवतो." मग माझ्याकडे वळले. "नंबर असतील ना मागे?"

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. नव्हते, काका. किंवा आधीच पुसट होते. दुकानदार काही बोलला नाही. एवढंच म्हणायचं होतं आणि कोणालाच कळलं नसतं. मुंगी माझ्याकडे बघत होती, मान थोडी कलती.

मी म्हटलं, "होते. मी पुसले. मला वाटलं घाण आहे. माझं चुकलं."

एवढंच. काका हं म्हणाले आणि पॉलिश पेपर मागितला. आकाश काही कोसळलं नाही. मुंगी मात्र एकदम कामाला लागली, बाह्या सरसावून, कोणीतरी शिट्टी दिल्यासारखी.

मग दिवस कसा गेला कळलं नाही. काका खुर्चीत बसून सांगत होते, आम्ही दोघं करत होतो. "बाजूंना कोणी रंग लावतं का," असं ते एकदाच म्हणाले. बाजूंचा सगळा रंग खरवडून काढला, गोंदासारखा निघत होता. अडकलेला खण काकांनी एका थापेत बाहेर काढला. मुंगीने वहीच्या पानावर कपाटाचं चित्र काढलं, सहा घरं. खण घ्यायचा, खालची झीज बघायची, मग कपाटाच्या आतल्या पट्टीवरून बोट फिरवून तशीच झीज कुठल्या घरात आहे ते शोधायचं. सापडलं की पट्टीवर मेणबत्ती घासायची आणि खण आत सोडायचा. बरोबर असला तर तो स्वतःहून जातो. त्याचा आवाज वेगळाच येतो, नीट मिटलेल्या डबीसारखा. पहिल्या वेळी तो आवाज आला तेव्हा आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो.

सातशे वीस प्रकार लागले नाहीत. संध्याकाळपर्यंत पाच खण घरी गेले. पाचवं घर तेवढं हट्टी आहे. तिथला खण बोटभर बाहेर राहतो.

प्रत्येक खणाच्या मागे मुंगीने पेन्सिलने नंबर टाकला. एक ते सहा. मी म्हटलं, शेपट्या काढ. तिने काढल्या.

सोमवार, २७ एप्रिल

मुठी बसवल्या. बातमी खरवडली. माशी काकांच्या मते आता कपाटाचाच भाग आहे.

मुंगी रंगाकडे बराच वेळ बघत होती. मी विचारलं, "खरं सांग, कसा आहे?"

"दाताच्या डॉक्टरांसारखा," ती म्हणाली. आणि पहिल्यांदाच या घरात खदखदून हसली. मग म्हणाली, तिला खरं तर पिवळा आवडतो. सहा महिन्यांत तिने मला स्वतःच्या आवडीची सांगितलेली ही पहिली गोष्ट. बॅग मात्र अजून खुर्चीवरच आहे.

मंगळवार, २८ एप्रिल

संध्याकाळी आई न्यायला आली. या खेपेला वर आली. मुंगीने तिला हाताला धरून खोलीत नेलं आणि सहाही खण उघडून मिटून दाखवले, पाचव्याचीही ओळख करून दिली. तिची आई कपाटाकडे कमी आणि माझ्याकडे जास्त बघत होती. रंगामुळे असेल.

रात्रीच्या जेवणाआधी तिचा फोन आला. म्हणाली, "तू तिला ‘माझं चुकलं’ म्हणालास?"

"नंबरांचं ना? हो. का?"

"गाडीत बसल्यापासून तेवढंच सांगतेय. बाबा म्हणाला माझं चुकलं. तीनदा सांगून झालं."

मला जरा वाईट वाटलं. तीन आठवडे मी तिच्यासाठी राबलो, खांदा अजून वर जात नाही, आणि पोरीच्या लक्षात राहिली ती नेमकी माझी चूक. मी तसं म्हटलं.  तिची आई "बरं, ठेवते," म्हणाली, पण लगेच ठेवला नाही.

बुधवार, २९ एप्रिल

पायरी १४, म्हणून सकाळी कपाटासमोर चहा घेऊन बसलो. खण उघडून बघत होतो, नुसताच. चौथ्या खणात मुंगीचा नाइटड्रेस. घडी घातलेला, चौकोनी. त्यावर मोज्यांचा एक जोड आणि रुमालात गुंडाळलेला दात घासायचा ब्रश. विसरून गेली. इतकी आवरणारी मुलगी आणि नेमकं हेच विसरली. रात्री काय घातलं असेल या काळजीने मी लगेच ते सगळं एका पुठ्ठ्याच्या खोक्यात भरलं, चिकटपट्टी लावली, वर पत्ता लिहिला. पॅकिंगमध्ये मला कोणी नावं ठेवू शकत नाही.

ऑफिसला जाताना कुरिअरला द्यावं म्हणून तिच्या आईला फोन केला. सामान राहिलंय, आज पाठवतो, असं सांगितलं.

"मुंगीचं काही राहत नाही," ती म्हणाली. "थांब, तिलाच देते. आणि ऐक, ते विचारायचं ठरलं होतं ना आपलं, मुक्कामाचं? आता विचारायला नको, असं वाटतं मला."

 विचारायला नको, म्हणजे काय समजायचं? तेवढ्यात मुंगी फोनवर आली.

"बाबा, ते पाठवू नकोस."

"अगं, विसरलीस तू. ब्रशपण आहे."

"विसरले नाही. ठेवलंय. इथे माझा दुसरा आहे." मग जरा थांबून, एखाद्या ढ मुलाला समजावून सांगावं तशी म्हणाली, "तू पाठवलंस तर मी पुढच्या वेळी काय घालू?"

 बरं म्हटलं. पुन्हा एकदा बरं म्हटलं.

चिकटपट्टी फार घट्ट लावली होती, सोडवताना नख तुटलं. नाइटड्रेस परत चौथ्या खणात ठेवला. तिच्यासारखी घडी जमली नाही. दोनदा करून पाहिली. ब्रश, मोजे, सगळं होतं तसं. खण ढकलला, आवाज बरोबर आला.

ऑफिसला उशीर झालाय. पाचवा अजून बोटभर बाहेर आहे. जाता जाता वर जाऊन काकांना विचारतो.